कविता महाजनांची ‘ब्र’, पावसात मोठ्याने वाचलेली

‘ब्र’ तशी जुनी कादंबरी, २००५ ची, राजहंस प्रकाशनाची, पण माझ्या हातात यंदाच्या पावसात आली. इकडे देवगडला जुलैत लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही, त्यामुळे मोबाईल बाजूला आणि पुस्तक हातात.

मला बायांच्या कादंबऱ्या खूप आवडतात, पण एकटीच सगळ्यांना पुरून उरणारी हिरॉईन असली की माझं मन लागत नाही, कारण अशी बाई मी आमच्या वाडीत कधी बघितलीच नाही. इथं जी उभी राहते तिच्यामागे चार जणी असतात, कोण तिची पोरं बघते, कोण आंब्याच्या सीझनला पेट्या भरायच्या कामाला सोबत घेऊन जाते. ‘ब्र’मधली प्रफुल्ला मला म्हणून आपली वाटली. संसार मोडलेला, एका संस्थेत काम धरते आणि आदिवासी भागातल्या सरपंच, मेंबर बायांना भेटत फिरते. ७३ वी घटनादुरुस्ती, पंचायतीत बायांना ३३ टक्के राखीव जागा, हे आपण नागरिकशास्त्रात पाठ केलं होतं, पण त्या खुर्चीत बसल्यावर बाईचं काय होतं ते इथं कळतं. आणि प्रफुल्ला त्यांचं ऐकत ऐकत स्वतःच बदलत जाते, ते मला सगळ्यात आवडलं.

आमच्या शेजारच्या काकी एकदा राखीव जागेवरून पंचायतीत मेंबर होत्या. आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. मी पडवीत वाचत होते तर म्हणाल्या, माका पण वाचून दाखव गो. मग रोज दिवेलागणीला यायच्या. एका ठिकाणी मला थांबवलं आणि म्हणाल्या, “पाच वर्सां मी पण अशीच सह्या करून गप बसलंय गो.” इतकी वर्षं शेजारी राहून मला हे माहीत नव्हतं!! त्या दिवशी पुढे वाचलंच नाही, त्याच बोलत होत्या, मिटिंगची वही घरी यायची आणि सही कुठं करायची ते नवरा बोट ठेवून दाखवायचा, सगळं सांगितलं.

बोलीतले संवाद सुरुवातीला अडतात, मनात वाचताना मीपण अडखळले, पण मोठ्याने वाचले की आपोआप उलगडतात, करून बघा. मधे मधे माहिती फार येते, संस्थांच्या आतल्या भानगडी लांबतात, तिथं थोडा दम धरा. हलकंफुलकं हवं असेल तर आत्ता घेऊ नका, काही पानांनंतर मला पुस्तक मिटून अंगणात जाऊन उभं राहावं लागलं.

माझी कॉपी मैत्रिणीला द्यायची होती. काकी म्हणाल्या थांब, आधी आमच्या सुनेला दे, ती यंदा बचत गटाची अध्यक्ष झाली आहे. तिच्याकडेच आहे सध्या.