७२ बॉक्स, ७२ हिट आणि माझे १,१६३ डॉलर

ट्रेडिंग कार्डांच्या सीलबंद पॅकांचा पहिला लॉट २७० डॉलर, दुसरा ५२२, टपालखर्च ३१ आणि वर भरपाईच्या नावाखाली गळ्यात मारलेलं एक कार्ड ३४० चं. एकूण १,१६३ डॉलर. आकडा आधीच सांगून टाकते, कारण तक्रार करायला गेले की प्रत्येक जण पहिल्यांदा तेवढंच विचारतो आणि पुढचं ऐकतच नाही.

लूज पॅक, म्हणजे बॉक्समधून काढून सुटे विकलेले, घेऊ नयेत हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. चकाकणाऱ्या होलो कार्डाची फॉइल जड भरते म्हणून जुने पोकेमॉन पॅक बारीक काट्यावर तोलून फक्त हलके तेवढे विकायला काढतात, हे मला काय नवीन होतं? रिसील (पॅक उघडून पुन्हा चिकटवणं), मॅपिंग (भारी कार्ड बॉक्समध्ये कुठे असेल ते क्रमावरून ओळखणं), सगळं कोळून प्यायलेली मी. म्हणूनच तर पॅक विकणाऱ्या या माणसाकडे गेले. तो नशीब, हॉट बॉक्स (भारी कार्डांनी भरलेला बॉक्स) असलं काही बोलायचाच नाही. त्याच्याकडे शीट होती, उघडलेल्या पॅकांच्या नोंदीची.

शीटच्या माथ्यावर बेरीज: बॉक्स ७२, उघडलेले पॅक १,२९६, हिट ७२. पुल रेट, म्हणजे किती पॅकमागे एक हिट, १८ पॅकमागे १. हिट म्हणजे त्या संचातल्या सर्वांत वरच्या वर्गाचं कोणतंही चेस कार्ड, ज्याच्या मागे सगळे धावतात ते. खाली ओळीनं तारखा आणि प्रत्येक ओळीला व्हिडिओची लिंक. कार्ड छापणाऱ्या कंपनीनं या संचाचे आकडे जाहीर केलेले नव्हते. अशा वेळी लोकांनी उघडलेल्या पॅकांची बेरीज हाच आधार असतो, आणि १,२९६ हा नमुना काही लहान नाही. मी ३६ पॅक घेतले, साडेसात डॉलरला एक. भाव चढाच होता, पण रेट बघता परवडत होता.

छत्तीसात एकही हिट नाही.

इथे कुणी मला हावरट म्हणण्याआधी ऐका. मी हिशेब केला होता. १८ पॅकमागे १ हा रेट खरा असेल तर ३६ पॅक कोरे जाण्याची शक्यता साधारण १३ टक्के. म्हणजे आठातला एक जण असा कोरडा राहणारच. मॅजिक: द गॅदरिंग या दुसऱ्या कार्ड-खेळात २००८ साली मिथिक रेअर (रेअरहूनही दुर्मीळ वर्ग) आली, त्यानंतरच्या कित्येक मोठ्या संचांचं गणित मला तोंडपाठ आहे: १२१ कार्डांचा छपाईचा ताव, त्यात ५३ रेअर दोन-दोनदा आणि १५ मिथिक एकेकदा. ठरावीक एक मिथिक १२१ पॅकमागे १, म्हणजे ३६ च्या बॉक्समध्ये ती मिळण्याची शक्यता २६ टक्के. आणि १२१ पॅक घेतले म्हणून ती मिळेलच असंही नाही, ६३ टक्केच. एवढं कळणाऱ्या बाईला त्यानं गंडवलं, यावरून जाळं किती बेताबेतानं विणलं होतं ते समजून घ्या.

मी त्याला माझे ३६ कोरे पॅक कळवले. शीटमध्ये चढवले असते तर बेरीज १,३३२ झाली असती आणि रेट १८ वरून साडेअठरावर सरकला असता. काही हललं नाही. विचारलं तर उत्तर आलं, 'तुम्ही पॅक कॅमेऱ्यासमोर उघडले नाहीत. पुराव्याशिवाय डेटा घेत नाही.' आणि मला ते पटलं! उलट वाटलं, किती काटेकोर माणूस आहे. विकत घेणाऱ्यांचे कोरे पॅक ज्या शीटमध्ये येतच नाहीत, ती शीट म्हणजे फक्त विकणाऱ्याची जाहिरात. हे आज लिहिते आहे. तेव्हा मी ७२ पॅकची ऑर्डर दिली, सव्वासात डॉलरच्या 'सवलतीत'. नमुना मोठा झाला की सरासरीवर येईल म्हणे.

बहात्तरही कोरे.

आता जी गोष्ट पहिल्याच दिवशी दिसायला हवी होती ती. पुन्हा वाचा: बॉक्स ७२, पॅक १,२९६. एका बॉक्समध्ये पॅक किती? ३६. बहात्तर छत्तीसं किती? २,५९२. मग शीटमध्ये १,२९६ च का? बरोब्बर निम्मे? उरलेले १,२९६ पॅक गेले कुठे? ही बेरीज माझ्या डोळ्यांसमोर होती, ठळक अक्षरांत, वर पिवळा रंग लावून. चौथीतलं पोर सांगेल असा गुणाकार. मी (१७/१८) चा छत्तिसावा घात काढत बसले आणि हा गुणाकार केला नाही. रात्री आठवलं की अजून चिडचिड होते.

त्याची युक्ती साधी. बऱ्याच आधुनिक बॉक्सांत कार्डं यंत्रानं एका क्रमानं भरलेली असतात, त्यामुळे हिट वाटेल तशा न पडता बॉक्सांमध्ये बऱ्यापैकी सारख्या वाटल्या जातात. समजा बॉक्समागे एकच हिट आहे. हा गृहस्थ कॅमेऱ्यासमोर एकेक पॅक फोडतो, हिट आली की आरडाओरडा, कार्ड प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये, व्हिडिओ संपला. ती हिट कधी तिसऱ्या पॅकमध्ये, कधी तिसाव्या; सरासरी साडेअठराव्या. तेवढेच पॅक शीटमध्ये चढतात. खरा रेट ३६ मागे १, शीटवर दिसतो १८ मागे १. आणि हिट काढून घेतलेल्या बॉक्समधले उरलेले पॅक, जे आता जवळपास हमखास मेलेले आहेत, ते सीलबंदच्या सीलबंद लूज म्हणून विकायला. वजनकाटा नको, रिसील नको. पॅकला त्यानं नखसुद्धा लावलेलं नसतं. तक्रार करणार तरी कशाची?

मी त्याचे व्हिडिओ परत बघितले. जेवढे पाहिले त्यात एकाही बॉक्सचा तळ दिसत नाही. मागे टेबलावर अर्धे भरलेले बॉक्स निवांत पडलेले असतात. व्हिडिओ बघताना हिट बघू नका, बॉक्स रिकामा झालेला दिसतो का ते बघा.

माझ्याकडे आलेले पॅक त्याच बॉक्सांमधले होते याचा पुरावा माझ्याकडे नाही, मान्य. पण १०८ पॅक, शून्य हिट. रेट १८ मागे १ असेल तर असं घडण्याची शक्यता ०.२ टक्के, सुमारे ४८० त एकदा. रेट ३६ मागे १ असेल तर जवळपास ५ टक्के. हे दुर्दैव म्हणून खपेल, पण मग शीट खोटी ठरते. दोनपैकी काय खोटं, पॅक की शीट, ते त्यानं निवडावं. (कॅल्क्युलेटर नसेल तर: इतक्या पॅकमध्ये एकही हिट नाही, तर ३ ला पॅकच्या संख्येनं भागा, खरा रेट त्याहून मोठा असणं अवघड. माझं ३ भागिले १०८, म्हणजे ३६ मागे १ हीच वरची हद्द.)

कार्डाचं थोडक्यात सांगते, कारण ते सांगायची जास्त लाज वाटते. मी भांडायला लागल्यावर तो एकदम मवाळ झाला. तुमचं वाईट वाटतंय, चेस कार्डच स्वस्तात देतो म्हणाला. ३४० डॉलर. ग्रेडिंग कंपनीचा (कार्डाची स्थिती तपासून ग्रेड देणारी) पॉप्युलेशन रिपोर्ट दाखवला: त्या कार्डाला सर्वोच्च ग्रेड मिळालेल्या प्रती फक्त ९. संच बाजारात येऊन महिना झालेला नसताना दुसरं काय दिसणार? बाकीची कार्डं अजून ग्रेडिंगच्या रांगेत होती. पॉप्युलेशन म्हणजे ग्रेड झालेल्या प्रती, छापलेल्या नव्हेत. आणि तेच कार्ड स्लॅबमधून (ग्रेड झालेल्या कार्डाची प्लास्टिकची बंद डबी) काढून पुन्हा पाठवलं तर आकडा फुगतोही. वर मला मिळालेलं कार्ड ग्रेड केलेलंही नव्हतं. कार्ड अस्सल आहे, एवढंच समाधान. आज ते ९५ डॉलरला मिळतं. हवं ते सिंगल, म्हणजे सुटं कार्ड, घ्यायचं तर संच निघून थोडे आठवडे जाऊ द्या.

आता तक्रारींची कथा. ज्या विक्री मंचावर व्यवहार झाला त्यांचं उत्तर: पॅक सीलबंद होते, वर्णनाप्रमाणे पोचले, आतलं काय निघेल याची हमी नसते. अरे, पण मी आतल्या कार्डांची तक्रार कुठे करते आहे? त्यानं लिहून दिलेल्या रेटची करते आहे! पुन्हा अर्ज केला, शीट जोडली, गुणाकार लिहून दिला. उत्तर तेच, शब्दन् शब्द तेच, फक्त खालचं नाव वेगळं. पैसे ज्यांच्यामार्फत गेले त्या कंपनीला 'वस्तू मिळाली का?' या प्रश्नाचं हो किंवा नाही एवढंच उत्तर हवं होतं. हो म्हटल्याबरोबर प्रकरण बंद. कार्ड छापणाऱ्या कंपनीनं कळवलं की अधिकृत विक्रेत्याकडून घेतलं नसेल तर आमचा संबंध नाही. सायबर तक्रार घेणाऱ्या साहेबांनी आधी विचारलं, 'मुलासाठी घेतली होती का कार्डं?' माझ्यासाठी, म्हटल्यावर ते हसले. मग म्हणाले, 'मॅडम, लॉटरी लागली नाही म्हणून गुन्हा नोंदवायचा का?' लॉटरीची विकली गेलेली तिकिटं नवी म्हणून परत विकली तर तुम्ही काय करता, असं मी विचारलं. त्यावर अर्जाची पोच हवी असेल तर सोमवारी या, असं सांगण्यात आलं. सोमवारी साहेब रजेवर.

मोठ्या रकमेला तरी कुठे राखण असते? लोगन पॉल या अमेरिकन यूट्यूबरनं पोकेमॉनच्या पहिल्या आवृत्तीचे सीलबंद बॉक्स म्हणून ३५ लाख डॉलर मोजले होते. तज्ज्ञांनी अस्सल ठरवलेला माल. जानेवारी २०२२ मध्ये उघडल्यावर आत जी. आय. जो या भलत्याच मालिकेची कार्डं निघाली. त्याची निदान बातमी झाली.

आमच्या प्रकरणात झालं एवढंच, की माझी तक्रार गेल्यानंतर शीटमधला 'बॉक्स' हा कॉलम गायब झाला. आता फक्त पॅक आणि हिट दिसतात, रेट तोच. जुन्या शीटचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे. तुम्ही कुठल्याही शीटवरून घेत असाल तर पैसे देण्याआधी तिचा काढून ठेवा. आणि ज्यांनी याच माणसाकडून लूज पॅक घेतलेत, त्यांनी किती घेतले आणि किती हिट निघाल्या ते मला कळवा. शून्य असेल तरी कळवा, लाजू नका. एकटीचे १०८ पॅक कुणी मोजत नाही. पाचसातशे कोरे पॅक एका अर्जात जोडून पुन्हा पाठवणार आहे.