नाताळची भेट: विचारून द्यावी की न विचारता?

डिसेंबर जवळ आला की भेटींच्या बाबतीत सरळ दोन गट पडतात. एक म्हणतो, विचारून दिली तर ती भेट कसली! दुसरा म्हणतो, न विचारता काहीतरी घ्यायचं आणि ते आवडून घेण्याचं ओझं समोरच्यावर टाकायचं, हे कशासाठी? मी बरीच वर्षं पहिल्या गटात होतो. आता बहुतेक माणसांच्या बाबतीत दुसऱ्या गटात आलोय. सगळ्यांच्या नाही, ते पुढे सांगतोच.

न विचारता दिलेल्या भेटीचं सुख खरं आहे. ‘रात्री वाचायला बसलं की उजेडच पुरत नाही’ असं कुणीतरी कधीतरी बोलता बोलता म्हणून जातं, आणि डिसेंबरात कागद उघडला की आतून वाचनाचा दिवा निघतो. आपलं बोलणं कुणीतरी लक्षात ठेवलं, ही गोष्ट त्या दिव्याहून मोठी असते. मात्र असं नेमकं ऐकायला माणूस रोजच्या सहवासातला लागतो. लांब राहणारी चुलत बहीण, मित्राची बायको, नुकता नोकरीला लागलेला भाचा यांचं आपण फारसं काही ऐकलेलं नसतं. मग अंदाज बांधावा लागतो, आणि तो बहुधा आपल्याच आवडीच्या दिशेने जातो.

अर्थतज्ज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ साली नाताळच्या भेटींबद्दल एक निबंध प्रसिद्ध केला होता. मिळालेल्या वस्तूची तुमच्या लेखी किंमत किती, असं त्यांनी भेट घेणाऱ्यांना विचारलं. उत्तरं खऱ्या किमतीपेक्षा साधारण १० टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी आली. पाहणी विद्यार्थ्यांपुरती होती आणि भावनिक मोल त्यात मुद्दाम वगळलं होतं, त्यामुळे आकड्यावर मी फार भर देणार नाही. मला त्यातलं दुसरं निरीक्षण जास्त पटतं: मित्रांनी आणि जोडीदाराने दिलेल्या भेटींत ही घट कमी होती, लांबच्या नातेवाइकांच्या भेटींत जास्त.

पण मला निबंधाने बदललं नाही. बदललं ते सुगंधी मेणबत्त्यांनी. माझा एक जवळचा मित्र आहे. त्याने एका नाताळला मला उग्र वासाची मोठी मेणबत्ती दिली. मला तो वास सहन होत नाही. पण चारचौघांत दुसरं काय म्हणणार? ‘अरे वा, मस्त आहे!’ म्हणालो. त्याने ते मनापासून ऐकलं आणि तेव्हापासून दर नाताळला मेणबत्ती येते, दर वेळी आधीपेक्षा मोठी, निगुतीने बांधलेली. आता सांगायचं कसं? आणि सांगितलं, तर आधीच्या सगळ्या वर्षांच्या त्याच्या आनंदावर पाणी पडेल.

न विचारता देण्यातली खरी अडचण माझ्या मते इथे आहे. नेम चुकला हे देणाऱ्याला कधी कळतच नाही. आवडलेल्या भेटीला जे शब्द, तेच न आवडलेल्या भेटीलाही. त्यामुळे चूक सुधारत नाही, उलट मुरत जाते, आणि यात दोघांपैकी कुणाचाच दोष नसतो. विचारून दिलेल्या भेटीत निदान ही कोंडी होत नाही.

विचारलं की मजा जाते, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पण लहान मुलं सांताक्लॉजला पत्र लिहून काय हवं ते स्पष्ट मागतात, आणि तरीही झाडाखालचं खोकं उघडताना त्यांचा आनंद तसूभर कमी होत नाही. मोठ्यांचंही फार वेगळं नसावं. फक्त ‘तुला काय हवंय?’ असं विचारू नका. ‘काही नको’ हेच उत्तर येतं. दोन-तीन पर्याय पुढे ठेवा आणि यातलं कुठलं जास्त उपयोगी पडेल, एवढंच विचारा. किंवा ‘सध्या कशावाचून अडतंय?’ असं विचारा. मला या दुसऱ्या प्रश्नाला नेहमी खरं उत्तर मिळालंय. मग रंग, बांधणी आणि सोबतची हाताने लिहिलेली चिठ्ठी आपल्याकडे उरतेच. त्या चिठ्ठीत कंजुषी करू नये.

गिफ्ट कार्ड हा मधला मार्ग वाटतो, आणि ऑफिसातल्या सीक्रेट सांताला तो चालून जातो. जवळच्या माणसाला मात्र मी देत नाही. कार्डावर थोडी रक्कम उरते आणि ते खणात पडून राहतं. किती रक्कम अशी न वापरता राहील याचा अंदाज विकणाऱ्या कंपन्यांना असतो. हिशेबाच्या नियमांनुसार ती त्यांच्या उत्पन्नातही धरता येते. आपल्या भेटीचा एक तुकडा तिकडे जावा, हे मला रुचत नाही.

आता अपवाद. आई-वडिलांना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून उपयोग होत नाही, कारण त्यांना खरोखरच वस्तू नको असते. तिथे मी न विचारता देतो, पण वस्तू देत नाही. जुने फोटो स्कॅन करून, कोण कोण आहे ते त्यांच्याकडूनच विचारून लिहून काढणं, किंवा त्यांना आवडणाऱ्या गाण्याच्या कार्यक्रमाला सोबत नेणं. सिंडी चॅन आणि कॅसी मोगिल्नर यांच्या २०१७ मधल्या संशोधनात असं दिसलं, की वस्तूपेक्षा अनुभवाची भेट देणाऱ्या-घेणाऱ्यांना जास्त जवळ आणते, अगदी देणारा तेव्हा सोबत नसला तरी. मला सोबत असणंच बरं वाटतं.

तेव्हा ज्यांच्याशी तुमचं रोज बोलणं होतं, त्यांच्यासाठी मनाने निवडायला हरकत नाही. बाकीच्यांना नोव्हेंबरातच विचारून टाका; डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात विचारलं तर लोक संकोचाने सोपं, लगेच मिळेल असं काहीतरी सांगतात. आणि दोन्हींत मन अडकलंच, तर वस्तू विचारून घ्या आणि बदलून घेण्याची पावती खोक्यात घाला.