पगाराच्या खात्यावरचा ओव्हरड्राफ्ट: गृहकर्ज घेणाऱ्यांसाठी परीक्षण

अडीनडीची सोय म्हणून ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिल्लक संपली तरी बँकेने मंजूर केलेल्या मर्यादेपर्यंत खात्यातून पैसे उचलता येणं, चांगलाच आहे. व्याज फक्त उचललेल्या रकमेवर आणि तेवढ्याच दिवसांचं लागतं. दर वर्षाला 18 टक्के धरला आणि 40 हजारांची उचल 12 दिवस राहिली, तर व्याज होतं साधारण 237 रुपये. ठरलेला हप्ता नाही, खात्यात पैसे आले की कर्ज आपोआप फिटतं. पण वर्ष-दोन वर्षांत गृहकर्जाचा अर्ज करायचा असेल, तर हिशेब या 237 वर थांबत नाही.

गृहकर्ज देणारी बँक खात्याची स्टेटमेंट मागते, बहुधा तीन ते सहा महिन्यांची. ती वाचणारा अधिकारी रकमेइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, शिल्लक शून्याखाली कधी आणि किती वेळा गेली हे बघतो. एकदाच 60 हजार उचलले आणि दोन महिन्यांत फेडले, तर त्याचं कारण सांगता येतं आणि हॉस्पिटलचं बिल जोडता येतं. याउलट दर महिन्याच्या 22 तारखेला खातं मायनसमध्ये, पगार झाला की वर आणि पुन्हा 22 ला खाली, असं चित्र असेल तर उचल पाचच हजारांची असली तरी अर्थ एकच निघतो: आत्ताच्या पगारात आत्ताचा खर्च बसत नाही, मग नवा हप्ता कुठून येणार? लोक हाच धोका सर्वांत कमी लेखतात, म्हणून आमचं या सोयीबद्दलचं मत मुख्यतः यावरच ठरतं.

दुसरा फटका कर्जाच्या रकमेला बसतो. समजा, उत्पन्न महिना 80 हजार आहे आणि सगळे हप्ते मिळून त्याच्या 40 टक्क्यांपर्यंत बँकेला चालतात. म्हणजे 32 हजार. ओव्हरड्राफ्टची थकबाकी एक लाख असेल आणि बँकेने तिचा महिन्याचा भार 5 टक्के धरला, तर 5 हजार वजा होऊन 27 हजार उरतात. 9 टक्के दराने 20 वर्षांसाठी लाखामागे हप्ता सुमारे 900 पडतो, तेव्हा त्या 5 हजारांपायी कर्जाची पात्रता साधारण साडेपाच लाखांनी घटते. भार किती धरायचा हे प्रत्येक बँकेचं वेगळं असतं. काही बँका वापर शून्य असला तरी मंजूर मर्यादेचा काही भाग मोजतात. अर्जाआधी हे थेट विचारून घ्यावं.

सोयीतले दोष दोन, आणि दोन्ही खरोखर त्रास देतात. काही ॲप ‘उपलब्ध रक्कम’ दाखवताना मर्यादाही त्यात धरतात. खात्यात 3 हजार आणि मर्यादा 50 हजार असेल तर स्क्रीनवर 53 हजार दिसतात, आणि स्वतःचे पैसे कधी संपले ते कळतही नाही. दुसरं, व्याज त्याच खात्यातून वळतं होतं. मर्यादा काठोकाठ वापरली असेल तर महिनाअखेरीला व्याज पडताच खातं मर्यादेबाहेर जातं, त्याच दिवशीचा एखादा हप्ता किंवा विम्याचा ऑटो-डेबिट परत जातो, आणि स्टेटमेंटवर ‘रिटर्न’ची नोंद उमटते. मंजूर मर्यादेत राहिलेल्या उचलीपेक्षा ही नोंद कितीतरी जास्त नडते. म्हणून मर्यादेच्या निदान दहा टक्के रक्कम कायम मोकळी ठेवावी.

आवराआवर अर्जाच्या सहा महिने आधी सुरू करावी, आणि तिचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी थकबाकी शून्य करा, मर्यादा त्यानंतर कमी करा. उलट केलं तर गंमत नाही: एक लाखात 30 हजार वापरलेले म्हणजे 30 टक्के वापर, पण मर्यादा 50 हजारांवर आणली की तीच उचल 60 टक्के दिसते आणि क्रेडिट स्कोअरला (कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणाऱ्या गुणांना) झळ बसू शकते. फेडल्यावर लगेच अर्ज करू नये. बँक क्रेडिट ब्युरोला, म्हणजे सगळ्यांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला, आकडे ठरावीक दिवसांनी पाठवते, त्यामुळे एक-दोन महिने जाऊ द्यावेत आणि तिथला आपला क्रेडिट रिपोर्ट स्वतः उघडून थकबाकी शून्य दिसतेय का ते तपासावं. सोय बंदच केली असेल तर बँकेकडून तसं पत्र घ्यावं.

डाउन पेमेंटसाठी ओव्हरड्राफ्टमधून उचल करणं पूर्ण टाळा. स्वतःच्या वाट्याची रक्कम कुठून आली हे बँक विचारते, आणि उत्तर ‘दुसरं कर्ज’ असेल तर मंजुरी अडते. मंजुरीपत्र हातात आल्यावरही पैसे वितरित होईपर्यंत खातं मायनसमध्ये नेऊ नका. मधल्या काळात रिपोर्ट पुन्हा काढला जाऊ शकतो.

जोडीदाराबरोबर संयुक्त खातं असेल तर उचल कुणीही केलेली असो, जबाबदारी साधारणपणे दोघांचीही धरली जाते. सहअर्जदार ठरवण्याआधी त्याही खात्याची स्टेटमेंट काढून बघा. मुदत ठेवीवरच्या ओव्हरड्राफ्टची गोष्ट थोडी वेगळी: व्याजदर बराच कमी, मागे तारण असल्यामुळे बँकही निर्धास्त. मात्र ठेव तारण आहे तोवर तीच रक्कम घरासाठीची बचत म्हणून पूर्ण दाखवता येत नाही. थकबाकी वजा करून उरेल तेवढीच धरली जाईल.