फोटोशॉपमध्ये प्रॉडक्टचा रंग बदलणं: काही महिने रोज वापरल्यावरचं मत

सध्या माझं रोजचं काम म्हणजे कॅटलॉगचे फोटो. वस्तू एकाच रंगात शूट होऊन येते आणि बाकीचे रंग त्याच फोटोतून काढून द्यायचे असतात. फोटोशॉप आधीही वापरायचे पण क्रॉप कर, बॅकग्राउंड उडव एवढंच, आणि आता काही महिने दिवसभर हाच एक उद्योग चालू आहे, त्यामुळे काय खरंच चालतं आणि काय नुसतं दोन मिनिटांच्या व्हिडिओत छान दिसतं ते लिहून टाकते.

आधी मुद्द्याचं. रंग बदलायला काहीच लागत नाही, घोळ होतो तो उजेडाचा. ह्यू सॅच्युरेशनचा (रंगछटा आणि तिची तीव्रता बदलणारा) स्लायडर सरकवला की लालचं जांभळं झालं, हिरव्याचं निळसर झालं, वा वा. पण निळ्या बाटलीची पिवळी करायला बसा. त्या स्लायडरमागचा जो हिशोब आहे त्यात शुद्ध निळा आणि शुद्ध पिवळा दोघांचीही लाइटनेस (उजळपणा) ५० टक्केच धरलेली असते, आणि डोळ्याला ते अजिबात पटत नाही. इन्फो पॅनलमध्ये लॅबचे आकडे (डोळ्याला दिसतं त्याच्या जवळ जाणारं रंगाचं माप, त्यातला एल म्हणजे उजळपणा) लावून बघा, पिवळ्याचा एल ९७-९८ दिसेल आणि निळ्याचा ३० च्या आसपास. एवढी दरी आहे मधे. मग सावलीचा भाग नको तिथे चमकायला लागतो, आणि त्यावर उपाय म्हणून कलर ब्लेंड मोड (खालचा उजेड तसाच ठेवून फक्त रंग चढवणारा) लावला तर तो निळ्याचाच काळोख तसाच ठेवतो, म्हणजे पिवळ्याच्या जागी मेहंदी रंगाची मळकी बाटली हातात. लोक म्हणतात सॅच्युरेशन वाढवा. वाढवून बघा, अजून घाण दिसतं.

म्हणून आता माझी पद्धत ठरून गेलीय. वस्तूचा एक ग्रुप (लेअर म्हणजे थर, त्यांचा गठ्ठा), मास्क (परिणाम कुठे दिसावा ते ठरवणारा आकार) त्या ग्रुपला, आत सगळ्यात खाली कर्व्ह्ज (उजेड-काळोख बदलणारा लेअर), त्याच्यावर सॉलिड कलरचा लेअर कलर मोडमध्ये, आणि गरज पडली तरच वर ह्यू सॅच्युरेशन. कर्व्ह्जने आधी वस्तू नव्या रंगाइतकी उजळ किंवा गडद करून घ्यायची आणि मगच रंगाला हात लावायचा, कारण उलट केलं की रंग आवडून जातो आणि मग आपण उजेड त्याच्या मागे ओढत बसतो. मास्क ग्रुपला असल्याचा फायदा असा की कड दुरुस्त करायची झाली तर एकदाच करायची, तीन लेअरला तीनदा नाही. सगळे रंग झाले की लेअर कॉम्प्समध्ये (कुठले लेअर चालू-बंद ते लक्षात ठेवणारी सोय) प्रत्येक रंगाची अवस्था सेव्ह करायची आणि एक्स्पोर्टमधून सगळ्या फायली एकदम काढायच्या. हे फीचर कोणी वापरताना दिसत नाही, का कोण जाणे.

रिप्लेस कलर नावाचं जे आहे ते मी जवळपास सोडलं. फझीनेस (निवडलेल्या रंगाच्या जवळचे किती रंग पकडायचे ते) कमीजास्त करायला मजा येते पण ते साध्या लेअरवर थेट पिक्सेलच बदलून टाकतं, उद्या क्लायंट म्हणाला की जरा अजून गडद हवा तर परत पहिल्यापासून. अॅडजस्टमेंट लेअर (कर्व्ह्जसारखे, मूळ पिक्सेलला हात न लावणारे) १९९६ च्या ४.० पासून आहेत हो फोटोशॉपमध्ये, वापरा की.

ह्यू सॅच्युरेशनमध्ये मास्टरच्या (म्हणजे सगळे रंग एकदम) जागी नुसता रेड किंवा ब्लू निवडून काम करता येतं ते मात्र भारी आहे. खाली जी रंगांची पट्टी असते तिच्यावरचे चार छोटे मार्कर सरकवून नेमका कुठला रंग धरायचा ते ठरतं, मधल्या भागावर पूर्ण परिणाम आणि कडेला हळूहळू कमी. काय काय पकडलं जातंय ते कळायला सॅच्युरेशन तात्पुरतं उणे १०० करा, जे राखाडी झालं ते तुमच्या जाळ्यात आलं. पण वस्तू लाल असेल आणि कोणाच्या हातात धरलेली असेल तर विसरा, त्वचेचा रंगही त्याच लाल-पिवळ्याच्या पट्ट्यात येतो आणि बोटं हिरवी होतात. तिथे मास्कशिवाय सुटका नाही.

मास्कसाठी ऑब्जेक्ट सिलेक्शन (वस्तू आपोआप निवडणारं टूल) हल्ली बरंच सुधारलंय, कापडाला वगैरे चालून जातं. कडक कड असलेल्या वस्तूला, डबा बाटली चार्जर असलं काही, मी अजूनही पेन टूलच (हाताने कड आखायचं) घेते. वेळ जातो पण कड स्वच्छ येते, आणि मग मास्कला अर्धा ते एक पिक्सेल फेदर (कड मऊ करणं). तरीही कधीकधी कडेला जुन्या रंगाची बारीक झालर राहते आणि आपण मास्कला शिव्या घालतो. बऱ्याच वेळा दोष जेपेगचा असतो. बहुतेक जेपेगमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या मानाने कमी रिझोल्युशनमध्ये साठवलेली असते, आडवी-उभी निम्मी, त्यामुळे लाल रंग कडेच्या बाहेर आधीच सांडलेला असतो. मूळ फोटोत तो डोळ्याला जाणवत नाही, रंग बदलला की उघडा पडतो. रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न केलेली) मागा. मिळत असेल तर १६ बिटमध्ये काम करा, ८ बिटमध्ये प्रत्येक चॅनलला २५६ च पायऱ्या, आणि गडद वस्तू उजळायला गेलात की पट्टे दिसायला लागतात.

आता काळं आणि पांढरं. यांच्यात मुळात रंगच नसल्यामुळे ह्यू स्लायडर कितीही हलवा, ढिम्म. पांढऱ्यावर सॉलिड कलर मल्टिप्लाय मोडमध्ये (खालच्याला गडद करत रंग चढवणारा) ठेवला तर सावल्या छान टिकतात, फक्त जिथे पांढरं पूर्ण फुटलंय (तपशीलच उरलेला नाही) तिथे सपाट रंगाचा ठिगळ बसतो. काळ्याचं काही खरं नाही. कर्व्ह्जने वर ओढावं तर सोबत नॉइज (दाणेदारपणा) वर येतो, चुण्या आणि शिवण तर फोटोतच नसतात, त्या कुठून आणणार? म्हणून शूट करणाऱ्यांना मी आता आधीच सांगते की एकच पीस काढणार असाल तर फिका राखाडी किंवा मध्यम शेडचा काढा. या एका वाक्याने जितकं काम वाचलंय तितकं कुठल्या प्लगइनने वाचलं नसेल.

चमक हा वेगळाच विषय. रंगीत प्लास्टिकवरची चमक दिव्याच्या रंगाची असते, म्हणजे साधारण पांढरी, लाल बादलीवरही आणि हिरव्या बादलीवरही. तीच जर आपल्या नव्या रंगात बुडाली तर वस्तू रंगवलेल्या पुठ्ठ्यासारखी दिसते. सॉलिड कलर लेअरवर डबल क्लिक करून ब्लेंड इफमध्ये (खालच्या उजेडानुसार लेअर लपवणारी सोय) खालच्या पट्टीचा पांढरा त्रिकोण आल्ट दाबून दोन भागात फोडायचा आणि डावीकडे ओढायचा, हायलाइट मोकळे होतात. धातूला मात्र उलट, सोन्याच्या किंवा तांब्याच्या वस्तूची चमकही त्याच रंगाची असते, तिथे पांढरी सोडली की खोटं वाटतं. आणि टेबलावर पडलेलं प्रतिबिंब! वस्तू निळी झाली आणि खाली अजून लालसर छटा, हे मोठमोठ्या वेबसाइटवर सुद्धा दिसतं. त्याला वेगळा मास्क, मऊ ब्रश, कमी ओपॅसिटी.

रंग जुळवायला कोणी नुसता हेक्स कोड (रंगाचा अंक-अक्षरांतला कोड) पाठवला तर मी खरा नमुना मागते, निदान त्याच उजेडातला त्याचा फोटो तरी. आयड्रॉपर डिफॉल्टला एकाच पिक्सेलचा रंग उचलतो, तो ५ बाय ५ अॅव्हरेजवर ठेवा, मधल्या टोनची जागा निवडा आणि दोन्हीकडचे लॅबचे आकडे जवळ आणा. शेवटी एसआरजीबीत (वेबवरची नेहमीची रंगपद्धत) कन्व्हर्ट करून प्रोफाइल (फाइल कुठल्या रंगपद्धतीत आहे ते सांगणारी माहिती) एम्बेड करा, अॅडोब आरजीबीतली फाइल प्रोफाइलशिवाय गेली तर समोर मरगळलेला रंग दिसतो. स्क्रीन कॅलिब्रेट केलेली हवी आणि नाइट मोड बंद. एवढं करूनही बघणाऱ्याच्या फोनवर थोडं वेगळं दिसणारच, त्याला इलाज नाही.

वाक्य लिहून रंग बदलायला सांगायची ती एआयवाली टूल्सही वापरून पाहिली. पटकन होतं, मूडबोर्डला ठीक. पण ती बऱ्याचदा चित्र नव्याने काढतात आणि मग शिलाईचे टाके, विणीचा पोत, लेबलवरची बारीक अक्षरं जराशी हलतात. विकायच्या वस्तूच्या फोटोत मला ते चालत नाही.

दोन रंगांच्या धाग्यांचं मेलांज कापड, रंगीत काच, अर्धपारदर्शक प्लास्टिक ही कामं मी आता नाकारते, किंवा सरळ परत शूट करा म्हणते. काचेतून मागचं दिसतं, आतल्या द्रवाचा रंग मिसळतो, कडांना तोच रंग दाट होतो, आणि हे सगळं हाताने रंगवत बसायला जितका वेळ लागतो तितक्यात खऱ्या बाटलीचा फोटो काढून, साफ करून, अपलोडही होतो.