स्वान सिल्व्हरटोन्सची सेकंडहँड सीडी: गाणी एक नंबर, बाकी सगळा आनंद

मागच्या महिन्यात ऑनलाइन जुनी सीडी मागवली, स्वान सिल्व्हरटोन्स नावाच्या अमेरिकन गॉस्पेल (चर्चमधली भक्तिगीतं) ग्रुपची, वी-जे या रेकॉर्ड कंपनीच्या काळातली गाणी. सेलरने छातीठोकपणे 'लाइक न्यू' लिहिलेलं आणि हातात आलं काय तर तडकलेली डबी, आत सीडी धरून ठेवणारे दाते मोडलेले, उघडल्या उघडल्या मांडीवर सांडले. बुकलेट तर गायबच. विचारलं तर म्हणे फोटोत बुकलेट दाखवलंच नव्हतं!

आता बुकलेट नाही म्हणजे कोण गातंय हे नव्या माणसाला कळणार कसं, म्हणून मीच सांगतो. तो जो वरच्या पट्टीत रेशमासारखा जाणारा आवाज येतो ना, तो क्लॉड जीटर. जन्म १९१४, अलाबामातलं मॉन्टगोमेरी. वेस्ट व्हर्जिनियात कोळशाच्या खाणीत काम करायचा आणि तिथेच १९३८ ला भाऊ आणि दोन खाणकामगार घेऊन ग्रुप काढला. पुढे टेनेसीत नॉक्सव्हिलच्या रेडिओवर गायला लागले, स्पॉन्सर होती स्वान नावाची बेकरी, म्हणून हे नाव. म्हणजे पावामुळे बारसं झालं बघा. आणि अशा गॉस्पेल ग्रुपला क्वार्टेट म्हणतात, पण म्हणजे चारच डोकी असं काही नसतं, सूर चार पट्टींचे, माणसं पाच-सहा पण असतात.

त्या काळात बाकीचे लीड सिंगर घसा फाडून लोकांना रडवायचे, या ग्रुपमध्ये पण ते काम करायला माणसं होती, पण जीटर हळूच फॉल्सेटोत, म्हणजे नेहमीच्या आवाजाच्या वरच्या पातळ आवाजात, शिरतो आणि मारतो. आपल्याकडे फॉल्स व्हॉइस म्हटलं की जाणकार नाक मुरडतात, त्यांनी हे जरूर ऐकावं. सोल गायक अल ग्रीन, टेम्प्टेशन्स ग्रुपचा एडी केन्ड्रिक्स, सगळे याच वाटेने गेलेत.

'ओ मेरी डोन्ट यू वीप' मी सलग चार वेळा लावलं, बायको वैतागली. १९५९ चं रेकॉर्डिंग. मागे बाकीचे एकच ओळ धरून बसलेत, हलत नाहीत, आणि त्यावर हा मध्येच म्हणून जातो की माझ्यावर विश्वास ठेव, खोल पाण्यावरचा तुझा पूल मी होईन. मुद्दाम ठासून नाही हां, जाता जाता. अमेरिकन गायक-गीतकार पॉल सायमनने ते पकडलं आणि १९७० चं 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर' हे गाणं त्यातून निघालं, हे त्याने स्वतः कबूल केलंय. १९७३ ला सायमनने आपल्या एका गाण्यात जीटरला गायला पण बोलावलं. जीटर मात्र साठच्या दशकातच ग्रुप सोडून पास्टर झाला होता, आणि नंतर न्यूयॉर्कला हार्लेममधल्या एका हॉटेलात नोकरी केली. एवढा आवाज आणि हॉटेलात नोकरी, काय बोलणार. २००९ ला गेला, ९४ वर्षांचा होऊन.

साउंडबद्दल म्हणाल तर मोनो आहे, मागे थोडी खरखर, हेडफोनपेक्षा साध्या स्पीकरवर छान वाटतं. बास तेवढा दबलाय.

गाण्यांना पाच स्टार, सेलरला एक, तो पण पार्सल वेळेत आलं म्हणून. अर्धे पैसे परत देतो, सीडी पाठवून द्या म्हणाला. नाही पाठवली.