ड्रम स्मोकरचा कोळसा: करवंटीच्या ब्रिकेट, बाभूळ आणि तो चुरा

परवा करवंटीच्या ब्रिकेटचा, म्हणजे नारळाच्या करवंटीचा कोळसा दळून दाबून केलेल्या वड्यांचा, दहा किलोचा बॉक्स आला, उघडला तर वरचे थर ठीक आणि खाली सगळा भुगा. कस्टमर केअरला फोटो पाठवले तर उत्तर आलं की वाहतुकीत थोडी मोडतोड नॉर्मल आहे आणि बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर रिफंड मिळणार नाही. कोळशाचा बॉक्स उघडताना कोण व्हिडिओ काढतं हो? पैसे किलोवर घेता ना, मग भुग्याचे पैसे मी का द्यायचे? याच रागात लिहायला बसलोय. गेल्या हिवाळ्यापासून कोळशावर जे पैसे घातले त्यातून मला एक गोष्ट पक्की कळलीय. ड्रम स्मोकरमधे, म्हणजे ड्रममधे कोळशाच्या मंद आचेवर आणि धुरात मांस शिजवताना, सहा-आठ तासांच्या कुकला कोळसा कोणत्या झाडाचा याच्यापेक्षा त्यात चुरा किती हे जास्त महत्त्वाचं आहे, आणि याबद्दल कुणीच बोलत नाही.

माझा सेटअप साधा आहे. २०० लिटरचा गोड्या तेलाचा ड्रम, लातूरच्या एमआयडीसीतल्या वेल्डरकडून खाली तीन व्हॉल्व्ह आणि जाळीची बास्केट करून घेतलेली. ड्रम ११० ते १२० डिग्रीवर धरायचा आणि त्यात बोकडाची रान (मागची मांडी) नाहीतर पुढचा खांदा.

सुरुवात वखारीतल्या बाभळीच्या कोळशाने केली. स्वस्त, जवळ मिळतो, इस्त्रीवाले आणि कणीस भाजणारे तोच नेतात. बाभळीचं लाकूड जड असतं त्यामुळे कोळसा पण टणक, चांगला तुकडा दुसऱ्यावर आपटला तर खणखण वाजतो. पण गोणीत सगळं मिसळ असतं, मुठीएवढा तुकडा, बोटाएवढा तुकडा आणि तळाला पीठ. मी एक गोणी चाळून वजन केलं, २० किलोत तीन किलोच्या वर चुरा निघाला. वखारवाल्या मामांना सांगितलं तर म्हणाले, "भाऊ, तळाचा माल कुणाला तरी जाणारच की." मला ते पटलं नाही आणि आजही पटत नाही.

आता चुऱ्याने होतं काय ते सांगतो. बास्केटमधे कोळशाच्या तुकड्यांमधल्या फटींतून हवा वर जाते, ड्रमचं सगळं टेंपरेचर त्या हवेवर चालतं. चुरा त्या फटी बुजवतो. मग ड्रम ९५ वर येऊन बसतो, आपण व्हॉल्व्ह उघडतो, तरी काही होत नाही, अजून उघडतो, आणि मग बास्केटमधला ढीग खचतो, एकदम वाट मोकळी होते आणि काटा दीडशेच्या पुढे पळतो. त्यात बारीक तुकडा पेटतो पण भरभर, कारण वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग जास्त. म्हणजे एकाच बास्केटमधे अर्धा माल गुदमरतोय आणि अर्धा भडकतोय. बरेच लोक मग झाकणाला फेल्ट लावतात, थर्मामीटर बदलतात, व्हॉल्व्ह बदलतात. माझ्या ओळखीच्या एकाने तर पूर्ण नवीन ड्रम बनवला. अहो, आधी गोणी चाळून बघा.

आणि आपल्याकडे हे जास्त लागतं, कारण आपलं मटण वेगळं आहे. बाहेरच्या बार्बेक्यूच्या व्हिडिओत दाखवतात ते डुकराचा खांदा नाहीतर ब्रिस्केट (गाईच्या छातीचं मांस), त्यात चरबी भरपूर, तासभर टेंपरेचर चढलं तरी ते सांभाळून घेतं. आपला उस्मानाबादी बोकड म्हणजे लातूर, उदगीर, तुळजापूर या पट्ट्यातलाच, चवीला एक नंबर, पण मागच्या रानेवर चरबी फार नसते. ६५-७० डिग्रीला आलं की मांस घाम सोडल्यासारखं ओलावा सोडतं आणि तिथेच तासन्‌तास अडकतं. त्या वेळी ड्रम दीडशेला गेला तर बाहेरून चामडं होतं आणि आतलं कोलॅजेन, म्हणजे मांस चिवट ठेवणारा भाग, विरघळायला वेळच मिळत नाही. खांदा मऊ सुटायला आतून ९० च्या वर हळूहळू जावं लागतं. म्हणून म्हणतो, डुकरावाल्याला चुरा परवडेल, आपल्याला नाही.

मग करवंटीच्या ब्रिकेटकडे वळलो. किलोमागे वखारीच्या दुपटीहून जास्त भाव, हात आखडत होता, पण पहिल्या बॉक्सने खरंच खूष केलं. सगळे तुकडे एका मापाचे, मिनियन पद्धतीने म्हणजे खाली न पेटलेला कोळसा भरून वर मूठभर पेटलेला ठेवला की रात्रभर काटा जागचा हलत नव्हता. राख कमी, ठिणग्या नाहीत. त्या वेळी मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की वखारीकडे जाऊच नका.

आता ते मत बदललंय, दोन कारणांनी. एक म्हणजे या ब्रिकेटची राख कमी असली तरी ती गळून पडत नाही, तुकड्याच्या आकारातच वर बसून राहते आणि आतला निखारा झाकते. चार-पाच तासांनी बास्केटला बाहेरून दोन टोले द्यावे लागतात, तेही हळू, जोरात दिले तर राख उडून मटणावर बसते. दुसरं म्हणजे चव. करवंटीच्या कोळशाला स्वतःचा धूर जवळपास नाहीच, सगळी चव वर टाकलेल्या लाकडातून येते. मी पेरूचं आणि आंब्याचं वाळलेलं लाकूड टाकतो, छान लागतं, पण बाभळीच्या कोळशाला जो थोडा उग्रपणा असतो तो मटणाला जास्त शोभतो असं घरात सगळ्यांचं मत पडलं. (लाकूड गोळा करताना कण्हेर चुकूनही नको, ती विषारी आहे, कुंपणाची छाटणी असते त्यात ती असतेच.)

पावसाळ्याने अजून एक धडा दिला. कोळसा हवेतला ओलावा ओढतो, गोणी पत्र्याच्या शेडमधे कोरडी दिसली तरी आतून दमट असते. दमट कोळसा तडतडतो, तडकून फुटतो, म्हणजे परत चुरा. आणि पाण्याची वाफ करण्यात उष्णता खर्च होते ती वेगळीच. तेव्हापासून सगळा माल झाकणाच्या ड्रममधे ठेवतो, गोणी जमिनीवर ठेवणं बंद.

सध्या मी वेडी बाभूळ वापरतोय. गावाकडे नदीकाठाला, गायरानात माजलेली असते तीच. ही मूळची आपली नाही, अमेरिकेकडून आलेली, टेक्सासात बार्बेक्यूला जी मेस्क्वाइट वापरतात त्याच कुळातली. तमिळनाडूत रामनाथपुरम भागात हिच्या कोळशाचा मोठा धंदाच आहे. आपल्याकडे लोक कापून बांधावर जाळून टाकतात, बघून वाईट वाटतं. ओळखीच्या एका भट्टीवाल्याकडून मी हाताने निवडून घेतो, अंड्याएवढे ते मुठीएवढे तुकडे, त्याबद्दल किलोला थोडे जास्त देतो आणि आनंदाने देतो, कारण चुऱ्याचे पैसे वाचतात. निवडताना तुकडा मोडून बघा, आतून तपकिरी असेल तर तो कच्चा राहिलाय, पांढरा डोळे झोंबणारा धूर देणार. पूर्ण काळा आणि मोडला की चकाकणारा घ्या.

घरी आणला की बांधकामावर वाळू चाळायची जाळी असते तिच्यावर टाकतो. भाड्याने मिळते, शेजारी बांधकाम चालू असेल तर फुकट. मोठे तुकडे बास्केटमधे खाली, मधे थोड्या करवंटीच्या ब्रिकेट, वर परत वेडी बाभूळ. या मिश्रणावर काटा ११५ च्या आसपास राहतो आणि चव पण मिळते. चुरा टाकत नाही, शेणात कालवून गोळे करून वाळवतो, ते पाण्याच्या बंबाला जातात. आजी करायची तेच. जेवणाच्या ड्रममधे ते गोळे घालायचे नाहीत.

दोन गोष्टी मात्र दुकानात नीट विचारून घ्या. ब्रिकेट म्हटलं की काही दुकानदार बॉयलरची ब्रिकेट देतात, भुईमुगाची टरफलं आणि लाकडाचा भुसा दाबून केलेली. ती कोळसा नाहीच, नुसतं दाबलेलं लाकूड आहे, सुरुवातीला धूर ओकते आणि पटकन संपते. आणि दगडी कोळसा जेवणाजवळ आणू नका, त्यात गंधक असतं. पेटवायला घासलेट पण नको, वास मटणात उतरतो. वर्तमानपत्राचा बोळा आणि चिमनी स्टार्टर (कोळसा पेटवायचा उभा पत्र्याचा डबा) पुरे.

कुक झाल्यावर सगळे व्हॉल्व्ह आणि वरचं तोंड बंद करतो. हवा तुटली की निखारे विझतात आणि सकाळी बराच कोळसा शाबूत सापडतो, तो परत चाळून पुढच्या वेळी चालतो, फक्त नव्या मालावर वरून टाकायचा, खाली नाही, कारण एकदा जळलेला तुकडा ठिसूळ होतो आणि वजनाखाली चुरा होतो. ड्रम पूर्ण गार होईपर्यंत बाहेरच असू द्या. थंडीत काही लोक ऊब म्हणून निखारे व्हरांड्यात नाहीतर बंद खोलीत ओढून ठेवतात, ते अजिबात करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. माझ्याकडे लहान मुलं आहेत म्हणून ड्रम मी घराच्या मागे, भिंतीपासून लांब, उघड्यावरच ठेवलाय, पाऊस आला तर वर पत्रा, बाजू मात्र चारही मोकळ्या.