फोटो फ्रेम करायला दिला आणि बाबांचा गुडघा गेला

लिहू की नको असं बरेच महिने चाललं होतं, कारण बाबा म्हणतात जाऊंदे, आणि दादा म्हणतो आपलीच चूक होती. पण परवा शेजारच्या वहिनी त्यांच्या सासूबाईंचा लग्नातला शेला फ्रेम करायचा म्हणून त्याच दुकानाचा रस्ता विचारायला आल्या तेव्हा म्हटलं आता लिहायलाच पाहिजे. दुकानाचं नाव लिहीत नाही. म्हापसा, पणजी, मडगाव, फोंडा, कुठेही असू शकतं. कळकळ आहे म्हणून लिहितेय, कुणाचा धंदा बुडवायला नाही.

आम्ही डिचोली तालुक्यातले. माझे आजोबा गावच्या जत्रेतल्या नाटकात स्त्रीपार्ट करायचे. गोव्यातल्या लोकांना सांगायला नको, जत्रा म्हटली की नाटक आलंच आणि नाटक म्हटलं की वर्षभर कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) राबणारा माणूस एका रात्रीसाठी राणी होतो. तर १९५५ च्या जत्रेतला सगळ्या मंडळींचा एक ग्रुप फोटो आमच्याकडे होता, ब्लॅक अँड व्हाइट, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खाली स्टुडिओचं नाव दाबून उमटवलेलं. मागे आजोबांच्या अक्षरात सगळ्यांची नावं आणि कोणाचं कोणतं काम. मधोमध आजोबा, नथ, अंबाडा, सगळं. आणि पुढे जमिनीवर डाव्या टोकाला मांडी घालून सहा वर्षांचे बाबा, हाफ पँट, गुडघ्यावर हात.

फोटोबरोबर त्याच नाटकाचं हँडबिल होतं. पातळ गुलाबी कागद, खिळ्यांची छपाई, मागून बोट फिरवलं की अक्षरं हाताला लागायची. कोपऱ्यात जांभळा शिक्का, पोर्तुगीज सेन्सॉरचा. त्या काळात छापायचं काहीही असो, आधी सेन्सॉर. आणि तिसरं म्हणजे त्या कामासाठी आजोबांना मिळालेलं चांदीचं पदक, सुपारीएवढं.

बाबांची पंचाहत्तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये होती. मी आणि दादाने ठरवलं हे तिन्ही एका फ्रेममध्ये घालून द्यायचं. त्याला शॅडो बॉक्स म्हणतात, म्हणजे खोलगट डबा, काच आणि वस्तूमध्ये जागा राहते.

दुकानदार बोलायला एकदम गोड. मी गेले तेव्हा त्याने फोटो दोन हातांनी धरला, काचेवर ठेवण्याआधी कापडाने काच पुसली, म्हणाला ताई अशा वस्तू आता कोण आणतं हो. मी तिथेच विरघळले. मग त्याने सँपल काढले. हे सागवान, हे सिंथेटिक, तुमच्या वस्तूला सिंथेटिक शोभणार नाही. ही साधी काच, ही यूव्ही काच, हिने फोटो लवकर उडत नाही. हा साधा माउंट (म्हणजे काच आणि फोटोच्या मधली पुठ्ठ्याची चौकट), हा ॲसिड फ्री. जे बोलला ते सगळं खरंच होतं, हे नंतर वाचल्यावर कळलं. साध्या पुठ्ठ्यात लाकडाचा लगदा असतो, त्याचं आम्ल कागदात उतरतं आणि कडेने तपकिरी पट्टा पडतो. उन्हातल्या यूव्हीने शाई, फोटो, कापड सगळं फिकं होतं. माणूस आपलं काम नीट जाणत होता, त्यामुळे जास्तच राग येतो. अडाणी असता तर सोडून दिलं असतं.

वीस बाय चोवीस इंच, सागवानाची पट्टी, आत मखमल, यूव्ही काच (नुसत्या काचेचे ३,२०० लावले), ॲसिड फ्री माउंट, सगळे मिळून ९,८०० रुपये. पाच हजार ॲडव्हान्स कॅश दिली. बिल मागितलं तर एक चिठ्ठी दिली, "फ्रेम, १ नग", खाली आकडा आणि सही. ना सागवान लिहिलेलं ना काच. मी पर्समध्ये टाकली. इथे माझी चूक झाली, मान्य.

एक गोष्ट मात्र नशिबाने झाली. माझी भाची बरोबर होती, तिने काउंटरवर ठेवलेल्या तिन्ही वस्तूंचा मोबाईलवर फोटो काढला, स्टेटसला टाकायला म्हणून. पुढे तोच कामाला आला.

दहा दिवस म्हणाला होता. दहाव्या दिवशी फोन केला तर "फाल्यां येयात", म्हणजे उद्या या. परत फोन, परत फाल्यां. असं पाच वेळा. शेवटी वाढदिवसाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता फ्रेम मिळाली, बबल रॅपमध्ये गुंडाळलेली, मागे ब्राऊन पेपर इतका सुरेख चिकटवलेला की वाटलं काय काम केलंय. उरलेले ४,८०० तिथेच यूपीआयने दिले. भिंतीत होल मारून हूक बसवायला दुसऱ्या दिवशी पोरगा पाठवला, त्याचे दीडशे वेगळे. आता मला वाटतं उशीर मुद्दाम केला असेल, म्हणजे तपासायला वेळच मिळू नये, पण हे आपलं माझं म्हणणं. उचलताना फ्रेम हलकी लागली होती, सागवान एवढं हलकं कसं असं मनात आलंही, पण घरी पाहुणे येऊन बसले होते.

बाबा खूप खूश झाले. प्रत्येकाला उभं करून दाखवत होते हा अमका, हा तमका. आणि मग पावसाळा आला.

आमचं घर जुनं, चिऱ्याच्या भिंती. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, त्यामुळे भिंतीला हात लावला तरी गार लागतो. चतुर्थीच्या आधी साफसफाई चालली होती, दादा माटोळीला (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या चौकटीला) बांधायचं सामान लावत होता, आणि बाबा फ्रेमसमोर उभे. बराच वेळ उभे. मग म्हणाले,

"गो, माझा गुडघा खंय गेला?"

मला आधी कळलंच नाही. मग बघितलं तर खरंच, डाव्या टोकाला पोरगा आहे, हात आहे, पण हात ज्या गुडघ्यावर होता तो गुडघाच नाही, फ्रेमची कड तिथेच सुरू होते. बाबा म्हणाले मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं, पण तुम्ही एवढी हौसेने आणली, आणि म्हटलं माझ्याच लक्षात नसेल. सहा महिने त्यांनी ते मनात ठेवलं. ह्या एका वाक्याने मला जेवढा त्रास झाला तेवढा ९,८०० रुपयांनी नाही झाला.

दुकानदाराला फोन केला तर म्हणाला ताई तो पट्टीखाली गेलाय, पट्टी थोडी पुढे येतेच. हे खरं असू शकतं, पट्टीचा ओठ पाच-सहा मिलिमीटर फोटोवर येतो. पण त्याने तर मधे माउंट घालायचे पैसे घेतले होते, मग पट्टी फोटोवर येईलच कशी? आणि नीट बघितलं तर आजोबांच्या चेहऱ्यापाशी काचेवर ओल्या डागासारखं काहीतरी दिसत होतं. दादाने सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, पेपर पसरला आणि भाजीच्या सुरीने मागचा ब्राऊन पेपर कापला.

आत काय निघालं ते सांगते. ब्राऊन पेपरखाली कुठल्या तरी खोक्याचा पुठ्ठा, त्यावर बाण आणि "धिस साइड अप" छापलेलं, आणि बाण खाली. पट्टीचा आतला कोपरा सुरीने खरवडला तर पांढरा थर्माकोलसारखा भुगा, वर सागवानाच्या रेषा छापलेल्या. (सिंथेटिक पट्टी वाईट असते असं नाही, वाळवी लागत नाही, गोव्यात बरीच घरं तीच घेतात, पण मग पैसे सिंथेटिकचे घ्या ना.) फोटो मुळातल्या पुठ्ठ्यासकट कापलेला, डावीकडून आणि खालून, म्हणजे बाबांचा गुडघा आणि स्टुडिओचं नाव दोन्ही गेलं. आणि मागून अख्खा फेव्हिकॉल थापून हार्डबोर्डवर चिकटवलेला. म्हणजे आजोबांच्या हातची नावं फेव्हिकॉलखाली. माउंट नाही, काच आणि फोटोमध्ये जागा नाही, डबा फक्त पदकापुरता. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होतो आणि काचेला चिकटतो, तसा आजोबांचा चेहराच काचेला चिकटला होता.

पदक ग्लू गनने चिकटवलेलं, ते बोटाने निघालं. तेवढं एक धड परत मिळालं.

आणि हँडबिल. ते बाहेरून अगदी तसंच दिसत होतं, गुलाबी, घड्या, जांभळा शिक्का. दादाने उचललं आणि म्हणाला हे जाड कसं लागतं. मागून बोट फिरवलं तर सपाट. मोबाईलचा कॅमेरा झूम करून शिक्क्यावर धरला तर जांभळा रंगच नाही, निळे लाल बारीक ठिपके. घड्यासुद्धा छापलेल्या. कलर झेरॉक्स! आम्ही सहा महिने झेरॉक्सला नमस्कार करत होतो.

दुसऱ्या दिवशी गेलो. पहिल्यांदा म्हणाला ओरिजिनल मागेच घातलंय, नीट बघा. मग म्हणाला ओरिजिनल जीर्ण होतं म्हणून तुमच्या भल्यासाठी कॉपी लावली. मग ओरिजिनल द्या म्हटलं तर म्हणाला तुम्ही कॉपीच दिली होती. तीन मिनिटांत तीन गोष्टी. तेव्हा भाचीचा फोटो दाखवला, त्यात हँडबिलाचा कोपरा वाऱ्याने उचलला गेलाय आणि पातळ कागदातून उजेड दिसतोय. मग गप्प झाला. तिथे काम करणारा पोरगा आम्ही निघताना स्कूटरपाशी आला आणि हळूच म्हणाला, हँडबिलाला जुनी सेलोटेप होती ती काढायला गरम हवा दिली तर कागद फाटला. कदाचित खरं असेल. फाटला असता आणि फोन करून सांगितलं असतं तर वाईट वाटलं असतं, पण तुकडे तरी मिळाले असते. ते कचऱ्यात गेले.

खूप वाद झाल्यावर ३,००० रुपये परत दिले, कॅश, उपकार केल्यासारखे. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण माझ्याकडे काय आहे, "फ्रेम, १ नग". सागवान ठरलं होतं हे कशावरून? यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि भाचीचा फोटो जपून ठेवलाय, अर्जही लिहून ठेवलाय, बाबा हो म्हणत नाहीत.

आता कोणी देणार असाल तर माझं ऐका. ओरिजिनल द्यायचंच असेल तर आधी घरी दोन्ही बाजू स्कॅन करा, मागची पण, मागची जास्त. खरं तर भिंतीवर चांगली प्रिंट लावा आणि ओरिजिनल कपाटात ठेवा, हे मी आता म्हणते, तेव्हा मला कोणी सांगितलं असतं तर मीच भांडले असते. चिठ्ठीवर पट्टी कसली, काच कुठली, माउंट कुठला, कापायचं नाही, गोंद लावायचा नाही हे शब्दांत लिहून घ्या. चांगले फ्रेमवाले कागद मागे चिकटवत नाहीत, वरच्या दोन टोकांना पातळ कागदाच्या पट्ट्या खळीने लावून टांगतात, म्हणजे उद्या सोडवता येतो, आणि कापड असेल तर शिवतात. वहिनींना मी हेच सांगितलं, शेल्याला गोंदाचा थेंब लागला तर फ्रेम घेऊच नका. यूव्ही काच तपासायला नोटा बघायची छोटी यूव्ही टॉर्च मिळते. काचेतून नोटेवर मारा. साध्या काचेतून नोटेवरचे चमकणारे धागे तसेच चमकतात, यूव्ही काच असली तर ते बरेच मंदावतात. आमच्या ३,२०० च्या काचेतून नोट दिवाळीसारखी चमकली. आणि मागचा ब्राऊन पेपर लावायच्या आधी मला बोलवा असं सांगा, उघडी फ्रेम डोळ्यांनी बघा, मगच उरलेले पैसे द्या. जो चांगलं काम करतो त्याला दाखवायला काही वाटत नाही, जो टाळतो तिथून वस्तू उचला आणि चालू लागा. भिंतीला लावताना मागे चार कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावा म्हणजे हवा खेळते, पावसाकडच्या भिंतीवर तर लावूच नका.

फोटो काचेपासून ओढायचा नाही असं पणजीच्या एका फोटोग्राफरने सांगितलं, ओढला तर चेहरा काचेवरच राहील. म्हणून काचेसकट स्कॅन केला, आता तो काचेसकटच उशीच्या अभ्र्यात गुंडाळून कपाटात आहे. बाबा संध्याकाळी टॅबवर स्कॅन उघडतात, दोन बोटांनी मोठा करतात आणि नावं सांगतात, मी वहीत लिहून घेते. चौदापैकी अकरा झाली. मागच्या रांगेतल्या तिघांची आठवत नाहीत, ती मागे लिहिलेली होती.

भिंतीत त्या पोराने मारलेला हूक मात्र पक्का निघाला. त्यावर आता बाबांची छत्री असते.